मागच्या पानावरचा शब्द

बुवांनी ‘कळलं?’ म्हणून विचारलं की ‘कळलं’ म्हणायचं. पुढे काही विचारायचं नाही.

केतकी सहा वर्षांची असताना दिगंबरकाकांनी तिला हे बजावलं होतं. “आणि नसेल कळलं तर?” असं तिने विचारलं, तेव्हा काकांनी नुसते डोळे वटारले होते.

आता ती इंग्रजीची एम. ए. होती. त्रिंबकबुवांची साठ निरूपणं तिने दोन वर्षं खपून इंग्रजीत उतरवली होती. उद्या पुस्तक छापायला जायचं होतं. मागच्या पानावर अनुवादिकेचा अभिप्राय हवा होता, आणि मठाचे कारभारी असलेल्या काकांनी तो तिच्या नावाने आधीच लिहून आणला होता.

‘बुवांची ल्युसिड निरूपणं’ या ओळीवर केतकीने बोट ठेवलं. “हा शब्द कुणी घातला?”

“ल्युसिड? मी. डिक्शनरीत सापडला. चांगला भारदस्त आहे.”

ओसरीवर देशमुख आणि सावंतमामा हे मठातले जुने शिष्य बसले होते, आणि कोपऱ्यात बुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. बुवांनी मान वर केली.

“म्हणजे काय गं?”

“वाचताच समजेल असं, बुवा. स्वच्छ. लिखाणाला म्हणतात, बोलण्याला म्हणतात. एखादा मास्तर गणित असं सांगतो की मागच्या बाकावरच्यालाही उमगतं, त्या सांगण्याला ल्युसिड म्हणायचं.”

“मग ते मास्तरने ठरवायचं, की मागच्या बाकावरच्याने?”

“मागच्या... बाकावरच्याने.”

“तू कुठे बसली होतीस?”

केतकी गोंधळली. ती तर कायम पुढेच बसायची, वही घेऊन. पण तिसावं निरूपण... ‘जाणणं सोडलं की जाणणं उरतं.’ तिने ते बिनचूक इंग्रजीत नेलं होतं. इंग्रजीतही ते छान वाटत होतं. म्हणजे काय, ते मात्र दोन्ही भाषांत तिला उमगलं नव्हतं. सगळ्यांना कळतंय, आपल्यालाच नाही, असं समजून ती गप्प राहिली होती.

“बुवा, तिसाव्याचा अर्थ काय?”

“केतकी!” काका खेकसले.

“देशमुखांना विचार,” बुवा म्हणाले. “तीस वर्षं ऐकतायत.”

देशमुखांनी घसा खाकरला. “म्हणजे... ते अनुभवाचं आहे.”

“कसल्या अनुभवाचं?” केतकीने विचारलं.

“ते असं शब्दांत नाही सांगता येत.”

“सावंतमामा, तुम्ही सांगा.”

“देशमुख म्हणाले ना, तेच.”

केतकीने बुवांकडे पाहिलं. ते शेंगा सोलत होते. हसत होते की नाही, तेही कळेना.

“नखरे पुरे झाले,” काका म्हणाले. “एका शब्दाचा प्रश्न आहे. सही कर, नाहीतर पुस्तकावरून तुझं नाव काढतो.”

दोन वर्षं... तिने पेन उचललं.

“काढा. मला कळलेलं नाही, आणि कळलं असं मी लिहून देणार नाही. तुम्हाला कळलंय ना? मग तुम्ही करा सही.”

तिने पेन काकांपुढे धरलं. काकांनी ते घेतलं नाही. देशमुखांपुढे धरलं. देशमुख अंगणाकडे बघू लागले. सावंतमामांनी हात उपरण्यात घेतले.



बुवांनी सूप बाजूला सारलं. हात झटकले आणि सरकत सरकत तिच्यासमोर येऊन बसले.

“कुठपासून नाही कळलं, बाळ?”