दवंडीवाल्याने पाठ फिरवली

देवसरच्या राजेसाहेबांनी दवंडी पिटवली, "गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्याला राजवाड्याचा दरवाजा सदैव उघडा आहे!" सटवोजी दवंडीवाल्याने ती पेठापेठांतून ऐकवली. लोक आले, पण पहारेकऱ्यांनी त्यांना बाहेरूनच हुसकावलं. झालं! गावभर सटवोजीच खोटारडा ठरला. शब्द राजाचे आणि शिव्या मात्र त्याला, हे त्याला चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी लोकांकडे पाठ फिरवून तो बंद दरवाजासमोर उभा राहिला आणि हलगी वाजवत तीच दवंडी देऊ लागला.

राजेसाहेब सज्जात येऊन कडाडले, "मूर्खा, दवंडी रयतेसाठी असते! राजवाड्याला काय ऐकवतोस?"

सटवोजीने शांतपणे मुजरा केला. "सरकार, रयतेनं ती कालच ऐकली. राजवाड्यानं ऐकायची तेवढी राहिलीय."