संशयाची फोड

तिवळणे गावात खाजणाईच्या देवळामागे अननसाचे दाट बन आहे. जत्रेला तिथले फळ कापतात. पण प्रसाद वाटण्याआधी, ज्याला गावात कोणाविषयी संशय असेल त्याने तो देवीसमोर बोलून दाखवायचा आणि त्याच माणसाच्या हातची पहिली फोड खायची. पाहुण्यांना नवल वाटते. मग म्हातारे दाजी कुबल त्यांना पायरीवर बसवून सांगतात.

फार पूर्वी या गावात अननस कोणी पाहिला नव्हता म्हणे. आवडू तांडेलणीच्या नवऱ्याने त्याचा कोंब मलबारातून आणला. पुढच्याच सफरीत त्याचे गलबत बुडाले. आवडूने कोंब परसात जगवला. फळ धरले तेव्हा भिवा गुरव कुंपणाशी थबकला. अंगभर डोळे असलेले फळ त्याला बरे दिसेना. त्याची बायको पूर्वी एकदा कुठेशी जेवून आली होती, ती सकाळी उठलीच नाही. तेव्हापासून तो कोणाच्या हातचे खात नसे.

पण नव्या झाडाचे पहिले फळ देवीचे. काटे पाहून भिवाला वाटले, हे फणसाचेच भावंड. भाजीसाठी फणसाची कोवळी कुयरी काढावी तसे त्याने ते कोवळेच काढले आणि कच्च्या फोडी प्रसादात वाटल्या. लोकांच्या जिभा सोलवटल्या, हिरड्यांतून रक्त आले. "घोव बुडालो, आता गावाक न्हेता ही!" बायका कुजबुजल्या. आवडूला विहीर बंद झाली. तिने गाव सोडावे असे ठरले.

तिने दुसरे फळ पिकेपर्यंत मुदत मागितली. ते पिवळे झाल्यावर तिने डोळे कोरून काढले, फोडी मिठाच्या पाण्यात ठेवल्या आणि देवळात आली.

"आधी तू खा गे," भिवा म्हणाला.

"मी खाल्लंय तर म्हणशात, उतारो घेवन इलंय. संशय तुमचो, गुरवांनू, तर पयलो घास पण तुमचोच."

भिवाने फोड गिळली. गोड होती. तरी विष चढते का याची वाट पाहत, तिच्यावरची नजर न काढता तो तिथेच बसून राहिला, म्हणे. तीही उठली नाही. दिवेलागणीला त्याने हात पुढे केला.

"आणि एक दी गे."

आजही तिवळण्यात मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय अननस खात नाहीत. जड जेवणावर त्याची फोड देतात, पानांच्या धाग्याने जाळी सांधतात. आणि जत्रेला आजही पहिली फोड संशयाची. ती गिळली की संशय फिटतो, असे सांगतात. दाजी मात्र एवढेच म्हणतात, की भरवणाऱ्याने लगेच समोरून उठायचे नसते.