वर तरंगलेले दाणे

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एका चिमुकल्या झोपडीत हौसा आणि तिची आजारी आई राहायच्या. शेत म्हणाल तर हातरुमालाएवढं. त्यात जव पिकला तर भाकरी, नाही तर पाणी पिऊन झोपायचं.

पेरणीच्या तोंडावर शेजारच्या मैनाआजीचं बियाणं किडीनं खाल्लं. आई म्हणाली, "हौसे, आपल्यातलं चांगलं बी आजीला दे हो." हौसानं जव पाण्यात टाकला. भरलेले सोनेरी दाणे तळाशी बसले, पोचट वर तरंगले. भरलेले जेमतेम घरापुरतेच होते. हौसा घाबरली आणि तिनं पोचट दाणे वाळवून आजीच्या ओच्यात घातले. एरवी मुंगीलाही न दुखवणारी पोर, पण त्या दिवशी तिची बुद्धी फिरली खरी.

पुढे हौसाच्या शेतात इवली इवली हिरवीगार पाती डुलू लागली. आजीचं शेत मात्र उघडंबोडकं. वर्षभर खायचं काय, हे आजीला कळेना. तरी हौसाच्या हातावर गुळाचा खडा ठेवून ती म्हणायची, "माझ्याच हाताला यश नाही गं, बाळे." हौसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो गूळ ती न खाताच आईला नेऊन द्यायची.

एका सकाळी ती आजीच्या शेताला कळशीनं पाणी घालत रडत होती. तोच एका दवबिंदूतून चमचमती जवपरी उतरली. अंगात पोपटी झगा, डोक्यावर सोनेरी कुसळांचा मुकुट.

"एक इच्छा माग, हौसा."

"आजीचं शेत पिकू दे. पण मी काय केलं ते कुणाला कळू देऊ नकोस."

"लपवून मागितलेलं मला देता येत नाही, राणी," परी हळूच म्हणाली. "ज्याच्यासाठी मागायचं, त्याच्यासमोर मागायचं. आणि का, तेही सांगायचं."

हौसा दोनदा अर्ध्या वाटेतून परत फिरली. तरी ती गेली. आजीच्या दारात मान खाली घालून तिनं सगळं सांगितलं, मग इच्छा मागितली.

तेवढ्यात बाहेर लख्ख उजेड पसरला. आजीच्या शेतात गुडघाभर जव सळसळू लागला. परी हसली, झगमगली आणि त्या उजेडातच विरून गेली.

हौसाची मान मात्र वर होईना. आजीनं तिची हनुवटी धरून उचलली. "पुढच्या पेरणीचं माझं बी तूच निवडून दे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे हौसा आजीला बिलगून पोटभर रडली.