धुक्यातला शंख

खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कोळीण राहायची. थंडीत सकाळी खाडीवर असं धुकं उतरायचं की होडीतल्या माणसाला हातातलं वल्हं दिसू नये. पाण्यात खडक दबा धरून असायचे. म्हणून कोळीण किनाऱ्यावरच्या कातळावर उभी राहून शंख फुंकायची. त्या आवाजाच्या रोखाने गावातल्या होड्या, तिच्या धाकट्या दिराचीही, किनाऱ्याला सुखरूप लागायच्या. तिला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. धुक्यातून "आलो गं, आलो!" अशी हाक आली की तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

एका सकाळी पाण्याकडून एक बाई आली. तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं, पण कातळावर ओल उमटत नव्हती.

"छान वाजवतेस," असं म्हणून तिने कोळणीच्या तळहातावर एक गारढोण मोती ठेवला.

"अगं बाई, मी का यासाठी वाजवते?"

"असू दे. कष्टाचं मोल."

मग रोजच मोती मिळू लागला. हळूहळू कोळणीचे कान होडीच्या हाकेकडे लागेनात. ते त्या ठिबकण्याकडे लागले. मोती मिळाला की ती घरी वळायची. होड्या आल्या का, हेही पाहायची नाही.

एके दिवशी बाई रिकाम्या हाताने आली. "आज मोती नाही."

कोळणीने शंख खाली ठेवला. "मग मी काय फुकट घसा फोडू?"

बोलली आणि स्वतःच दचकली. बाई पहिल्यांदाच हसली.

"मला या होड्या हव्यात. तुझा शंख हिसकावला असता, तर तू दुसरा आणला असतास. म्हणून मी तो विकत घेतला."

एवढ्यात धुक्यात लाकूड खडकावर आदळल्याचा आवाज झाला. कोळणीने झडप घालून शंख उचलला आणि ओठ फुटेपर्यंत फुंकत राहिली. एकेक होडी किनाऱ्याला लागली. तिच्या दिराची तेवढी लागली नाही.

धुकं विरलं तेव्हा बाई कुठेच नव्हती. खडकांपाशी एक होडी हेलकावत होती; आत कुणी नव्हतं.

धाकटी जाऊ धावत आली. "ताई, आज शंख उशिरा का वाजला?"



तात्पर्य: आवडीच्या कामाला बक्षीस मिळालं तर घ्यावं, पण बक्षिसासाठीच काम होऊ लागलं, की ते थांबवणं बक्षीस देणाऱ्याच्या हाती जातं.