साळिंदराची अट

डोंगराच्या एका उतारावर, निवडुंगाच्या बेटाजवळ, एक उंदरीण राहत असे. तिचे बीळ घुशीच्या पद्धतीचे होते. त्या उतारावर सगळ्यांचीच बिळे त्या पद्धतीची होती, आणि त्याला कारण होते.

मुलांनो, फार पूर्वी तिथे एक म्हातारी घूस होती. घोरपड दारातून आत शिरली की घुशीची पिल्ले कोपऱ्यात सापडत. म्हणून घुशीने मागच्या बाजूला दुसरे दार काढले आणि ते मातीच्या पातळ पापुद्र्याने बुजवून ठेवले. बाहेरून दिसत नाही, आतून डोक्याने ढकलले की फुटते. घोरपड पुढून आली की घर मागून रिकामे. घुशीने ही युक्ती लपवली नाही. तिने एवढेच सांगून ठेवले, की हे बीळ ज्याला मिळेल त्याने ते मागणाऱ्याला दाखवावे. कोणाला खणून दिले तर मजुरी खुशाल घ्यावी. पण दाखवणाऱ्याला कोणी अडवू नये.

त्यातून एक रीत पडली. माघात गवत वाळले की एक दिवस सगळ्यांची दारे उघडी असत. कोणीही कोणाच्याही बिळातून हिंडावे, चांगले दिसेल ते शिकून घ्यावे, चुकलेले असेल ते तोंडावर सांगावे. कोणाचा पापुद्रा जाड निघे, कोणाचे वळण अरुंद. ऐकणाऱ्याला राग येई. पण पिल्ले वाचत.

घोरपडही शिकत होती. एका साली ती पुढच्या दारात नख्यांनी नुसती खरखर करू लागली आणि धावत जाऊन मागच्या दाराशी बसू लागली. पिल्ले आपण होऊन तिच्या तोंडात जाऊ लागली.

यावर तोड काढली साळिंदराने. त्याच्या नख्या मजबूत, आणि डोकेही चांगले. त्याने मागच्या दाराच्या अलीकडे एक देवळी खणली, तिला गवताच्या काडीएवढा झरोका ठेवला आणि तिथून दोन वेगळी तोंडे काढली. आधी झरोक्यातून पाहायचे, घोरपड ज्या तोंडाशी असेल ते सोडून दुसऱ्याने पळायचे. काम नामी होते. उतारावरचा मुरूम फोडायचा म्हणजे उंदरांच्या नख्या झिजून जात. साळिंदर एका सकाळीत बीळ करून देई. पावसाळ्यात माती बसली की दर साली येऊन दुरुस्तीही करी. मजुरी म्हणून कंद घेई. उंदरिणीने कंद दिले आणि बीळ करून घेतले.

काम संपल्यावर अंगावरची माती झाडत साळिंदर म्हणाला, की माघातल्या त्या दिवशी ही देवळी कोणाला दाखवायची नाही. उंदरिणीने घुशीच्या शब्दाची आठवण करून दिली.

साळिंदर चिडला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मी कुठं अडवतोय? दाखव की. घुशीचा शब्द मोडणारा मी कोण? पण मग पुढच्या साली मला हाक मारू नकोस. कुणाकडं खणायला जायचं ते ठरवायला मीही मोकळा आहे."

 उंदरिणीला ते बोलणे सरळ वाटत होते आणि तरी कुठेतरी खुपत होते. उताराच्या खालच्या अंगाच्या उंदरांनी तर अट केव्हाच मान्य केली होती. माघ आला, आणि त्या वर्षी खालच्या अंगाची सगळी दारे बंद राहिली.

उंदरिणीच्या शेजारी एक चिचुंद्री होती. तिला पाच पिल्ले झाली होती, अजून डोळेही न उघडलेली. तिने साळिंदराला विचारून पाहिले होते. पण चिचुंद्री किडे खाऊन राहणारी. तिच्या घरी कंद कुठले? साळिंदर किड्यांना तोंड लावत नसे. तो नाही म्हणाला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मजुरी नाही तर काम नाही.

माघातल्या त्या दिवशी चिचुंद्री उंदरिणीच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "अक्का, खणून दे म्हणत नाही. माझी मी खणीन. नुसतं बघू दे."

 पावसाळ्यानंतर उंदरिणीलाही पिल्ले होणार होती, आणि तोवर बीळ खचणार हे ठरलेले. साळिंदर आला नाही तर ती मुरुमाशी एकटी काय करणार? तिने एकदा साळिंदराच्या वाटेकडे पाहिले, एकदा चिचुंद्रीकडे. मग ती दारातून बाजूला झाली.

चिचुंद्री आत गेली, नाकाने सगळे चाचपून आली आणि म्हणाली, की बीळ छान आहे, पण झरोका आपल्या कामाचा नाही. "मला मेलीला दिसतंय कुठं? मी आपलं वाऱ्याच्या बाजूला एक भोक पाडीन. घोरपड कुठं लपते ते डोळ्यांना चुकेल, नाकाला चुकत नाही." तिने आपल्या बिळात तसेच केले. तिचे पाहून वरच्या अंगाच्या आणखी चार घरांनी केले.

उंदरिणीने बीळ दाखवल्याचे साळिंदराला कळायला दोन दिवसही लागले नाहीत. तो उंदरिणीच्या दाराशी आला, आत डोकावला, "ठीक आहे" म्हणाला आणि गेला. पावसाळा संपल्यावर तिने निरोप पाठवला तेव्हा तो आला नाही. खालच्या अंगाचे उंदीर हसले. म्हणाले, आता चिचुंद्रीलाच बोलाव, नाकाने खणून देईल.

चिचुंद्री खरेच आली. तिच्यामागून त्या चार घरांतलीही आली. साळिंदराचे एका सकाळचे काम त्यांना पंधरा दिवस पुरले. नख्या तुटल्या, भांडणे झाली, एक वळण दोनदा ढासळले. पण पिल्ले जन्मायच्या आत बीळ उभे राहिले, आणि देवळीत झरोक्याखाली चिचुंद्रीने आपले भोकही पाडून ठेवले.

पिल्ले आठवड्याची झाली आणि एका दुपारी पुढच्या दारात खरखर ऐकू आली. उंदरिणीने पिल्ले देवळीत आणली. झरोक्यातून पाहिले. दोन्ही तोंडे मोकळी. ती पहिल्या तोंडाचा पापुद्रा फोडणार, एवढ्यात भोकातून, त्याच तोंडाच्या अंगाने, घोरपडीचा उग्र दर्प आला. घोरपड झरोक्याच्या वर, पहिल्या तोंडाच्या माथ्यावर अंग चिकटवून बसली होती. तिथे झरोक्याची नजर पोहोचतच नव्हती. उंदरीण मागे सरली आणि पिल्लांना घेऊन दुसऱ्या तोंडाने निवडुंगात शिरली.

त्याच दुपारी खालच्या अंगाच्या एका घरातली दोन पिल्ले गेली. त्या घरानेही झरोक्यातून पाहिले होते. झरोक्याची ही खोट माघातच कोणीतरी बोलून दाखवली असती. पण त्या दारांतून वर्षभर कोणी हिंडलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंदरीण खालच्या अंगाला गेली. ज्यांनी तिची थट्टा केली होती त्यांच्या दारोदार जाऊन तिने वासाच्या भोकाचे सांगितले. शेवटी ती साळिंदराकडे गेली. त्याने स्वतःचे बीळही तसेच खणले होते, आणि त्याची बायको नुकतीच व्याली होती.

ती म्हणाली, "दादा, झरोक्यातून वरचं दिसत नाही. वाऱ्याच्या बाजूला बारीक भोक पाडा. वासानं कळतं."

साळिंदराने विचारले, "याचं काय घेशील?"

"काही नाही."

"आणि अट?"

"तीही नाही."

साळिंदराला हे बोचले. तो म्हणाला, "मी तुझ्याकडं आलो नाही. मग तू का आलीस?"

"तुमची पिल्लं आत आहेत," उंदरीण म्हणाली.

 साळिंदर आत गेला, आणि माती उकरल्याचा आवाज येऊ लागला. उंदरीण घरी परतली.

चार दिवसांनी तो न बोलावता तिच्या बिळाशी आला. पंधरा दिवस खपून केलेले ते बीळ त्याने सगळीकडून पाहिले. मग त्याला पाहून जमलेल्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, की माझे खणलेले ज्याला दाखवायचे त्याने दाखवावे. दाखवले म्हणून मी कोणाचे काम सोडणार नाही. एका उंदराने भीत भीत विचारले, की मग तुमचे पोट कसे चालेल? साळिंदराने आपल्या नख्या त्याच्यापुढे धरल्या.

आणि झालेही तसेच. देवळी पाहून गेलेले पुष्कळ होते, पण मुरूम फोडणे सगळ्यांना झेपत नव्हते. साळिंदराला पूर्वीपेक्षा जास्त घरांतून बोलावणी येऊ लागली. आता तो एका घरात पाहिलेली सुधारणा दुसऱ्या घरात करून देई, आणि ती कोणाची हेही सांगे.

उंदरिणीच्या देवळीत शिरून तो कुरकुरला, "हे भोक वाकडं पाडलंय."

"मग सरळ करून द्या."

"कंद लागतील."

"लागू देत," उंदरीण म्हणाली, आणि पिल्लांना घेऊन त्याला खणायला जागा करून दिली.

तात्पर्य : कष्टाचा मोबदला ताठ मानेने मागावा, पण जी विद्या आपल्याला मोकळेपणी मिळाली, ती पुढे दाखवणाऱ्याला शिक्षा करू नये. ती दाखवली तरच तिच्यातली खोट कळते आणि सगळ्यांचे घर राखले जाते.