सहानंतरचा साप

सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे दाखवणारं वेब अ‍ॅप ऋजुताने तालुक्याच्या आरोग्य समितीसाठी बनवलं होतं. चोवीस तास चालणाऱ्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, ते ठेवू या, असं तिने म्हणताच अध्यक्ष ढमढेरे गरजले, "परक्याच्या दारात कशाला? माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर ठेवा!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मागच्या बैठकीत 'पण' म्हणणाऱ्याला त्यांनी घरी बसवलं होतं. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ऑफिसचा मेन स्विच अध्यक्ष स्वतःच्या हाताने बंद करत; त्याबरोबर तो कॉम्प्युटरही बंद पडे.

"ठेवते साहेब," ऋजुता म्हणाली. "फक्त एक ठराव करून घ्या. सहानंतर तालुक्यात कुणाला साप चावायचा नाही."

अध्यक्षांचं घर उसाच्या फडाला लागून होतं. त्यांनी मुकाट्याने क्लाउडच्या मंजुरीच्या कागदावर सही केली.