दोघांपुरता रस्सा

"पण अक्का, पाठीवर ओझं वाहायचंच, तर मसाल्याचं का वाहू नये?"

चढावर धापा टाकत सारंगने विचारलं.

उमाअक्का मागे न बघता चालत राहिल्या.

सत्तरीच्या अक्का शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सुट्टी मिळाली की गड पालथे घालणं, हेच त्यांनी जन्मभर केलं. डोंगरात राहावं कसं, रांधावं कसं, हे शिकायला तरुण पोरं त्यांच्यामागे हिंडत. सारंग त्यांतलाच, पण आपल्या हाताच्या चवीची त्याला भारी घमेंड. त्याच्या सॅकमध्ये कपडे थोडे आणि डब्याच फार. भाजलेलं खोबरं, दगडफूल, काळा मसाला, लवंगी मिरची...

आज अक्कांची शाबासकी घेतल्याशिवाय गड उतरायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दुपारी गडावरच्या गुहेत मुक्काम पडला. सारंगने दगडांची चूल मांडली आणि मोड आलेल्या मटकीचा रस्सा शिजत घातला. लालभडक तर्री वर आली. वास असा सुटला की अक्कांनीही मान वळवली.

सारंगची छाती फुगली. आता वाढायचं, एवढंच...

तेवढ्यात पायवाटेने तिघं वर आले. कोरेगावचे नलवडे, त्यांची बायको सुमती आणि म्हातारे वडील, आण्णा. जेवणाची मोठी पिशवी वाटेत हातातून निसटून दरीत गेली होती. उरल्या होत्या भाकरी, थोडे बटाटे आणि लसणाचा एक गड्डा.

"आण्णांना हल्ली कशाची चवच लागत नाही," सुमती म्हणाली. "घास तोंडात फिरत राहतो. पण गड बघायचा म्हणून हटून बसले."

अक्का उठल्या. गुहेबाहेरच्या पाण्याच्या टाक्यातून तांब्या भरून आणला आणि थेट रश्श्यात ओतला.

"अक्का!" सारंग किंचाळला. "तर्री मोडली! चव गेली सगळी!"

"दोघांपुरता होता."

"पण आता नुसतं पाणी झालं ना!"

अक्कांनी पळी त्याच्या हातात दिली.

"मग आण चव."

सारंग पातेल्यात बघत राहिला. फिक्या पाण्यात मटकी तरंगत होती. रडू फुटायचंच काय ते बाकी होतं...

मग तो खाली बसला. चुलीतले निखारे सारखे केले.

बटाटे निखाऱ्यांत भाजून रश्श्यात कुस्करले. सुमतीने दगडावर लसूण ठेचला. नलवड्यांनी भाकरीचा चुरा करून दिला, रस्सा दाट झाला. सारंगने एकेक डबी उघडून तळापर्यंत झटकली. शेवटी तापल्या तेलात मिरची पडली, आणि गुहाभर ठसका उठला!

सगळे खोकू लागले. आण्णा शिंकता शिंकता हसायला लागले. त्यांना बघून सारंगलाही हसू आवरेना.

पानं मांडली. आण्णांनी भाकरी बुडवून घास घेतला... आणि थांबले.

सुमतीचा हात जागीच राहिला.

आण्णांच्या कपाळावर घाम फुटला. नाक वाहू लागलं.

"सूनबाई," ते ओरडले, "तिखट लागतंय गं! चांगलं झणझणीत लागतंय!"

आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून."

मग काय! सारंग वाढतच सुटला. नलवड्यांना वाढलं, सुमतीला आग्रह केला, अक्कांच्या नको-नकोला जुमानलं नाही. आण्णांनी तर शेवटी पातेलंच ओढून घेतलं आणि भाकरीने पुसून लख्ख केलं.

तेव्हा कुठे सारंगच्या ध्यानात आलं, की आपण जेवलोच नाही.

सुमतीने लाजून उरलेली भाकरी आणि लसणाच्या पाकळ्या पुढे केल्या. त्या त्याने मिटक्या मारत खाल्ल्या.

"अक्का," तो हसत म्हणाला, "मी तर थेंबभरही चाखला नाही. कसा झाला होता हो रस्सा?"

अक्कांनी रिकामं पातेलं उचललं आणि त्यावर पळी हाणली.

टण्ण...

गुहा बराच वेळ घुमत राहिली.

"असा," अक्का म्हणाल्या.